बर्फावरची ज्युनिअर हॉकी आणि खाली ढकलायची भानगड (ग्वाल्हेरात कोणी बघतं का?)

बाड्यावरचा_बर्फवाला | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळाच आहे, हसू नका. आपल्या गावात बसून ज्युनिअर आइस हॉकी बघणारा मी एकटाच आहे की अजून कोणी आहे? वीस वर्षांखालच्या पोरांची वर्ल्ड चॅम्पियनशिप, दरवर्षी २६ डिसेंबरला सुरू होते आणि ५ जानेवारीच्या आसपास संपते. या वेळेस मिनेसोटात आहे, सेंट पॉल आणि मिनियापोलिसला.

मला हा नाद गेल्या वर्षी भाच्यामुळे लागला. तो ओटावात शिकतो, स्पर्धा तिथेच होती आणि त्याला कोणीतरी तिकीट दिलं. २८ तारखेची सकाळ, सहा वाजलेले, बाहेर असं धुकं की समोरच्या गच्चीवरची टाकी दिसेना, बायको रजईतून विचारतेय की इतक्या पहाटे कोणाशी बोलताय, आणि मी व्हिडिओ कॉलवर कॅनडा विरुद्ध लात्व्हिया बघतोय. बरं लात्व्हिया म्हणजे केवढा देश, अख्खी लोकसंख्या वीस लाखांच्या आत. आधीच्या वर्षी याच कॅनडाने त्यांना १०-० धुतलं होतं. म्हटलं पाच मिनिटं बघू आणि चहा टाकू. पण त्यांचा गोलकीपर, फेल्डबर्ग्स, त्याने त्या दिवशी ५५ शॉट अडवले!! मॅच शूटआउटला गेली आणि लात्व्हिया ३-२ ने जिंकलं. कॅनडाच्या घरात. भाच्याच्या आजूबाजूला अशी शांतता की मला त्याच्या शेजारचा माणूस पॉपकॉर्न खातोय ते ऐकू येत होतं.

पण धागा त्यासाठी काढला नाहीये. त्याच स्पर्धेत २ जानेवारीला जर्मनी-कझाकस्तान मॅच झाली, खालच्या दोघांची. जो हरेल तो पुढच्या वर्षी या स्पर्धेतच नाही, खालच्या डिव्हिजनला. जर्मनी ओव्हरटाइममध्ये ४-३ ने जिंकलं आणि कझाकस्तान गेलं खाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा आहे. ही पोरं १७, १८, १९ वर्षांची. १९ वाला पुढच्या वर्षी वयातच बसत नाही. म्हणजे संघाला खाली घालवणारे वेगळे आणि वर्षभराने खालच्या डिव्हिजनला खेळणारे बरेचसे वेगळे. आणि वर चढतानाही तेच, चढवलं एकाने आणि मार खाल्ला दुसऱ्याने. हे बरोबर आहे का? मला तर पटत नाही. बोला.

जनकगंजची_मावशी | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

अरे मला आधी हे सांग, बर्फावर चेंडू थांबतो कसा? इथे डिसेंबरात फरशीवर पाणी सांडलं तरी मी घसरते. आणि कपडे किती घातलेत त्यांनी, सोफ्याचे कव्हर घातल्यासारखे दिसतात. बाकी मुद्दा वाचला, झोपून उठून लिहिते.

बाड्यावरचा_बर्फवाला | ६ डिसेंबर, रात्री ११:४१

मावशी, चेंडू नसतो. रबराची चकती असते, पक म्हणतात तिला. तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि मॅचआधी ती चक्क फ्रीजरमध्ये ठेवून गोठवतात, नाहीतर रबर उसळतं. एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून पळतात की लगेच कठड्यावरून उडी मारून दुसरे येतात, मॅच थांबत नाही. मधल्या सुट्टीत एक गाडी येते आणि बर्फावर गरम पाणी पसरते. हो गरम! मला पण आधी खोटं वाटलं. वरचा खरबरीत थर जरा वितळतो आणि पुन्हा गोठून काचेसारखा होतो.

रिटायर्ड_सेंटर_फॉरवर्ड | ७ डिसेंबर, सकाळी ७:१५

सुप्रभात. वाचून गंमत वाटली. मी लष्करातल्या धुळीच्या मैदानावर वीस वर्षं हॉकी खेळलो, खरी हॉकी. ही चकतीवाली आम्ही कधी हॉकीत मोजली नाही. पण तुमच्या त्या चकतीचं वजन बघितलं, १५६ ते १७० ग्रॅम. आमचा चेंडू १५६ ते १६३. म्हणजे लागलं तर सारखंच लागणार, नडगीवरच्या खुणा दाखवू शकतो.

ग्वाल्हेरात हॉकीची गोष्ट निघाली आणि रूपसिंगांचं नाव नाही हे काही बरोबर नाही. १९३२ लॉस एंजेलिस ऑलिम्पिक, भारत अमेरिकेवर २४-१, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. नंतरची सारी हयात इथेच गेली त्यांची. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं होतं, आणि आज कोणत्याही पोराला विचारा, म्हणेल सचिनने २०० केले ते मैदान. खाली ढकलणं म्हणजे काय ते आम्हाला नका शिकवू, आमचा अख्खा खेळच खाली ढकललाय.

इंदूरचा_जावई | ७ डिसेंबर, सकाळी ९:०२

ग्वाल्हेरवाल्यांना बर्फ म्हटला की गोळा आठवायचा, आता हॉकी आठवतेय, प्रगती आहे 😄 आमच्याकडे बर्फाचा एकच खेळ, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता.

पुण्यात_अडकलेला | ७ डिसेंबर, सकाळी ११:३०

अरे वा, हा धागा माझ्यासाठीच आहे. मी माधवगंजचा, आता हिंजवडी. ऑफिसात एक फिनलंडचा क्लायंट आहे, त्याच्यामुळे चार वर्षं हेच बघतोय.

मूळ रचना सांगतो म्हणजे वाद घालायला बरं. सर्वात वर दहा संघ, पाच-पाचचे दोन गट. गटातले पहिले चार क्वार्टरफायनलला. राहिला पाचवा. दोन्ही गटांतले पाचवे एकमेकांशी खेळतात आणि हरेल तो खाली. आधी तीनपैकी दोन मॅच असायच्या, आता एकच, म्हणजे वर्षभराची मेहनत एका संध्याकाळवर. खाली डिव्हिजन एक ए, मग एक बी, मग दोन ए, दोन बी, तीन, अशी शिडी. एक ए ला सहा संघ, प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो, पहिला वर, सहावा खाली. साठ मिनिटांत जिंकलं तर ३ गुण, ओव्हरटाइम किंवा शूटआउटला जिंकलं तर २, तिथे हरलं तरी १. म्हणून बरेचदा शेवटच्या दिवशी तीन संघ एका गुणाच्या अंतरात असतात आणि सगळे मोबाइलवर दुसऱ्या मॅचचा स्कोअर बघत बसतात.

वयाचा नियम साधा आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या स्पर्धेत २००५ आणि त्यानंतर जन्मलेले. आता येतेय तिला २००६ पासून पुढचे.

आता मुद्द्याचं. कझाकस्तानच्या जागी या वर्षी डेन्मार्क वर आलंय. गेल्या डिसेंबरात स्लोव्हेनियात ब्लेड नावाचं तळ्याकाठचं गाव आहे तिथे डिव्हिजन एक ए झाली, ती जिंकून. त्यात जी पोरं २००५ ची होती, ती मिनेसोटाला नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि ते बाहेरच राहिले. बर्फवाल्या दादांच्या किड्याला माझं +१.

जनकगंजची_मावशी | ७ डिसेंबर, दुपारी १:१०

वाचलं सगळं, दोनदा वाचलं. मला प्रश्न असा की खाली-वर करायचंच कशाला लहान पोरांना? मोठ्यांचं ठीक आहे, पैसे घेतात. दहा ठरलेले देश ठेवा, खेळू द्या ना.

पुण्यात_अडकलेला | ७ डिसेंबर, दुपारी १:४८

मावशी मग अकराव्या देशाच्या पोरांनी काय करायचं? तो दरवाजा बंद केला की डेन्मार्क, लात्व्हिया, कझाकस्तान, ऑस्ट्रिया यांना कायमचं घरी बसवलं. दुसरं म्हणजे, खाली जायची भीती नसेल तर शेवटच्या दोघांची मॅच बघायला त्यांचे आईबाप तरी येतील का.

जनकगंजची_मावशी | ७ डिसेंबर, दुपारी २:०५

आईबाप येतात रे, तू विसरलास. तुझी आई तर रांगोळी स्पर्धेला पण यायची.

पण १०-० हरायला कोणाला आवडतं?

पुण्यात_अडकलेला | ७ डिसेंबर, दुपारी २:२२

😂 मावशी ओळखलं वाटतं मला.

१०-० काहीच नाही. २६ डिसेंबर २०१८, व्हँकुव्हर, कॅनडा १४, डेन्मार्क ०. त्याच स्पर्धेत शेवटी डेन्मार्क कझाकस्तानकडून दोन मॅच हरून खाली गेलं. आणि तेव्हा जे गेले ते आत्ता परत येतायत, इतक्या वर्षांनी. म्हणजे १४ गोल खाणारी ती पोरं आज पंचविशीच्या पुढे असतील आणि परत येतायत ती दुसरीच. मधल्या वर्षांच्या किती बॅचेस आल्या न् वयातून बाहेर पडल्या, त्यांना ना १४-० मिळाले ना कॅनडाशी मॅच. मला तर वाटतं १४-० परवडलं. निदान नातवाला सांगता येतं की अमुक माणूस, आता एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडाची व्यावसायिक आइस हॉकी लीग) आहे ना, त्याने माझ्या पायांतून गोल मारलाय.

रिटायर्ड_सेंटर_फॉरवर्ड | ७ डिसेंबर, सायं ६:३०

हे मात्र खरं बोललास. आम्ही एकदा एका मोठ्या संघाकडून नऊ गोलांनी हरलो, आजही त्या मॅचचं सांगतो. ज्या जिंकल्या त्यातल्या निम्म्या विसरलो.

बाड्यावरचा_बर्फवाला | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी मस्त चाललंय. भाच्याशी फोनवर बोललो, त्याने एक किस्सा सांगितला, मग मी पण शोधून वाचला. १९८७, चेकोस्लोव्हाकियात पिएश्चानी म्हणून गाव. शेवटच्या दिवशी ४ जानेवारीला कॅनडा विरुद्ध सोव्हिएत युनियन. कॅनडा ४-२ ने पुढे, मेडल नक्की, सोन्याची पण आशा. दुसऱ्या पीरियडमध्ये मारामारी सुरू झाली. दोन्हीकडची पोरं बेंचवरून उड्या मारून बर्फावर, सगळ्यांची सगळ्यांशी जुंपली, रेफ्रीला आवरेना. शेवटी काय केलं माहितीये? स्टेडियमचे लाइट घालवले! अंधारात पण चालूच. दोन्ही संघ बाद, सोनं मिळालं फिनलंडला.

आता माझ्या विषयाचं बघा. मारामारी करणारे दोघं बाद झाले, पण खाली कोण गेलं? स्वित्झर्लंड. सगळ्या मॅच हरले होते म्हणून. त्यांनी कोणाला चापट पण मारली नव्हती. आपल्याकडे वर्गात असंच असायचं, दंगा मागच्या बाकाचा आणि कान धरून बाहेर उभा करायचे कच्च्या गणितवाल्याला.

इंदूरचा_जावई | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

लाइट घालवून भांडण थांबवायचं? ग्वाल्हेरात तर लाइट गेल्यावर भांडणं सुरू होतात, जनरेटर कोणाचा चालणार यावरून.

माजी_फौजी_मुरार | ८ डिसेंबर, पहाटे ५:५०

राम राम. मला या खेळाची ओळख लेहला पोस्टिंग असताना झाली, टीव्हीवर नाही. तिथे कारझू म्हणून तळं आहे गावातच. हिवाळ्यात संध्याकाळी पोरं त्यावर पाणी सोडायची, रात्रीत गोठायचं, सकाळी रिंक तयार. तुमची ती गरम पाण्याची गाडी वगैरे काही नाही, बादल्या, पाइप आणि झाडू. साडेतीन हजार मीटर उंचीवर नुसतं चाललं तरी आमच्या मैदानी माणसाला धाप लागते आणि ही पोरं पूर्ण किट घालून पळतात. एकाचे स्केट काढले की दुसऱ्याच्या पायात, साइज जमो न जमो, दोन मोजे जास्त घालायचे. आर्मीचे संघ, आयटीबीपीचे संघ, गावांचे संघ, आणि मुली!! मुली तर मुलांपेक्षा वरचढ. बर्फ टिकतो दोनेक महिने, बस, तेवढाच सीझन.

आपल्या मुलींचं सांगतो कारण पेपरात कोपऱ्यात येतं. महिला संघ पहिल्यांदा २०१६ ला बाहेर खेळला, २०१७ ला बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय, आणि या वर्षी जूनमध्ये अल ऐनला आशिया कपात ब्राँझ. बहुतेक सगळ्या लडाखच्या. अल ऐन वाळवंटात आहे बरं का. बर्फातल्या मुली, पण छताखालचा पूर्ण मापाचा रिंक त्यांना वाळवंटात जाऊन मिळाला.

तुम्ही लोक ज्या शिडीबद्दल बोलताय त्या शिडीवर आपण अजून पाय ठेवलेला नाही. आपण आशिया कप खेळतो. आपली पोरं खाली जाण्याची भीती बाळगू शकतील तो दिवस मला बघायचाय.

जनकगंजची_मावशी | ८ डिसेंबर, सकाळी ८:३०

फौजी भाऊ, शेवटचं वाक्य वाचून मी आपलं मत मागे घेतलं. राहू द्या खाली-वर.

आपल्याकडे देशात रिंक आहेत का अजून कुठे?

माजी_फौजी_मुरार | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

शिमल्याला आहे ताई, १९२० पासूनचा, पण तो पण देवाच्या भरवशावर, थंडी पडली तर बर्फ. डेहराडूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी छताखालचा बांधला होता, मग कितीतरी वर्षं कुलूप. आता पुन्हा उघडलाय. गुडगावला मॉलमध्ये एक छोटा आहे. ग्वाल्हेरची पोरं चाकांचे स्केट घालतात तेच आपलं.

रिटायर्ड_सेंटर_फॉरवर्ड | ८ डिसेंबर, सकाळी १०:००

रिंकचं ऐकून १९७६ आठवलं. माँट्रियल ऑलिम्पिकला पहिल्यांदा हॉकी नकली गवतावर झाली आणि आपण सातवे आलो. त्याआधी कधी मेडलशिवाय परतलो होतो ते आठवत बसावं लागे. गवत तिकडे आणि आम्ही इकडे धुळीत चेंडू अडवायला शिकतोय. ज्याच्या घरी मैदान त्याचा खेळ, सीधी बात. त्यामुळे लात्व्हियासारख्या चिमुकल्या देशाच्या पोरांनी कॅनडाला हरवलं हे मला खरंच मोठं वाटतं, चकती असो का चेंडू. मागे जे बोललो ते अर्धं परत घेतो. अर्धंच.

बाड्यावरचा_बर्फवाला | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

काका अर्धं पण खूप झालं 🙏

लात्व्हियाची कुंडलीच मांडतो आता. २०१७ ला खाली गेले. मग वर यायला जमेना. २०२२ ची स्पर्धा कोविडमुळे मध्येच बंद पडली आणि ऑगस्टमध्ये नव्याने घेतली, तोपर्यंत युक्रेनचं युद्ध सुरू होऊन रशियाला बाहेर ठेवलं होतं, तर रिकाम्या खुर्चीवर लात्व्हियाला बोलावलं. मागच्या दाराने आले आणि थेट क्वार्टरफायनल. पुढच्या खेपेला शेवटच्या दोघांत होते, ऑस्ट्रियाला हरवून वाचले. मग ते १०-०. मग वर्षभरात ५५ शॉट अडवणारा तो गोलकीपर. आता मला सांगा, या आठ वर्षांच्या गोष्टीत एक तरी पोरगा पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे का? असूच शकत नाही. मग "लात्व्हिया सुधारलं" म्हणजे नक्की कोण सुधारलं? जर्सी?

आणि २०१७ ला लात्व्हियाला खाली ढकलणारं कोण होतं बघा. फिनलंड! आदल्या वर्षी हेलसिंकीला घरच्या मैदानावर फायनलला रशियाला ओव्हरटाइममध्ये ४-३ हरवून सोनं घेतलेलं फिनलंड. लाइने, पुल्युयार्वी, आहो अशी पोरं होती. पुढच्या वर्षी ती वयात बसत होती, पण तोवर तिघं एनएचएलला गेली, क्लब कशाला सोडतो. उरलेल्यांना घेऊन आले माँट्रियलला आणि पहिल्या तिन्ही मॅच हरले. स्पर्धा चालू असताना कोचला काढलं. चालू असताना!! चौथी जिंकली पण उशीर झाला, चॅम्पियन संघ खाली जायच्या मॅच खेळतोय असं आधी कधीच झालं नव्हतं. लात्व्हियाला हरवून वाचले कसेबसे. ज्याला मध्येच कोच केलं तो युसी आहोकास, त्यानेच २०१९ ला व्हँकुव्हरला सोनं मिळवून दिलं. कोच टिकला, पोरं तीन वेळा बदलली.

पुण्यात_अडकलेला | ८ डिसेंबर, रात्री ११:५०

आमचा फिनलंडवाला क्लायंट २०१७ चा विषय काढला की मीटिंग लवकर संपवतो. टिप म्हणून सांगितलं.

खोखोचा_खांब | ९ डिसेंबर, दुपारी १२:४०

बरेच दिवसांनी लिहितोय, फक्त वाचत असतो. हॉकीतलं मला काही कळत नाही पण हा जो बॅचचा मुद्दा आहे ना तो माझ्यावर घडलाय.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे एक मंडळ हिवाळी खेळ घ्यायचं, सोळा वर्षांखालच्या खोखोचे दोन गट, अ आणि ब. ब चा पहिला पुढच्या वर्षी अ मध्ये, अ चा शेवटचा ब मध्ये, अगदी तुमच्यासारखंच. आमच्या गल्लीचा संघ वर्षानुवर्षं ब मध्ये सडत होता. एका वर्षी दादा लोकांची बॅच अशी काही जमून आली की सगळ्यांना धूळ चारली, ढोल वाजवत घरी आले, दौलतगंजातून मिरवणूक. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, राखीव खेळाडू, म्हणजे पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या चपला सांभाळणारा. पुढच्या वर्षी ते सगळे सोळाच्या वर. दोघं पुण्याला गेले, एक इंदूरला, बाकीचे अकरावीच्या क्लासला. आणि अ गटात उतरलो आम्ही चपला सांभाळणारे. पहिलीच मॅच एक डाव राखून हरलो. दुसरी पण. मी खांबाजवळ तीन वेळा एकाच पोराकडून बाद झालो, तो शेवटी मला म्हणाला तू इकडे वळतच जाऊ नकोस ना, मला पण कंटाळा येतो.

वाईट त्याचं वाटलं नाही. दादा लोक दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा त्यांना अजून वाटत होतं की "आपण अ गटात आहोत". आम्ही जानेवारीत ब मध्ये गेलो ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. एक दादा आता पन्नाशीला आलाय, पुण्यात भेटला मागच्या वर्षी, म्हणाला आपला संघ अ मधला होता रे. मी हो म्हटलं.

जनकगंजची_मावशी | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

ते मंडळ आणि ते खेळ मला चांगले आठवतात. दोन्ही गट बंद पडले नंतर. संघापुरती पोरं जमवायची म्हणजे पंधरा घरं फिरावं लागायचं.

बाड्यावरचा_बर्फवाला | ९ डिसेंबर, रात्री ८:२०

खांबा, काय लिहिलंस यार. धागा काढल्याचं सार्थक झालं.

आता उपाय सुचवतो, फोडा. डिव्हिजन एक ए होते डिसेंबरच्या मध्याला. वरची स्पर्धा सुरू होते २६ ला. मग जिंकणाऱ्या संघाला त्याच वर्षी वर का नाही घ्यायचं? दहा-बारा दिवस आहेत मध्ये. ज्यांनी जिंकलं तेच खेळतील, १९ वाले पण. अकरावी खुर्ची लावा हवं तर.

पुण्यात_अडकलेला | ९ डिसेंबर, रात्री ८:५५

ऐकायला भारी आहे पण दादा, अकरा संघांचे गट कसे पाडणार? आणि १५ तारखेला युरोपात जिंकून २६ ला अमेरिकेत उतरायचं म्हणजे व्हिसा, तिकिटं, नाताळाची गर्दी. त्यातली निम्मी पोरं क्लबकडून सुट्टी मागून आलेली असतात, क्लब म्हणणार दोन आठवडे दिले, आता परत या. शिवाय वरची तिकिटं महिनोन्‌महिने आधी विकतात, ती अमुक विरुद्ध "जो येईल तो" म्हणून कशी विकणार.

माजी_फौजी_मुरार | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

दहा दिवसांत तर आमची अख्खी पलटण हलते, बावीस-पंचवीस पोरं न्यायला काय होतंय. पण दुसरी बाजू बघा. दहा दिवसांपूर्वी पाच मॅच खेळून थकलेली, दुखापती झालेली पोरं लगेच कॅनडापुढे उभी करणार? मग १४-० चे २०-० होतील. एक वर्ष मिळतं त्यात १७ वाला १८ चा होतो, वजन वाढतं, तयारी होते. त्या वयात एक वर्ष फार असतं. जो चढवतो तो मागे राहतो हे वाईट आहेच, पण नवीन भरतीला ट्रेनिंग न देता पुढे पाठवणं त्याहून वाईट.

रिटायर्ड_सेंटर_फॉरवर्ड | १० डिसेंबर, सकाळी ७:००

फौजी साहेबांशी सहमत. आणि बर्फवाले, तुमच्या मूळ प्रश्नातच एक चूक आहे असं मला रात्री लक्षात आलं, झोप येत नव्हती. तुम्ही म्हणता चढवणारा वेगळा, खेळणारा वेगळा, म्हणजे अन्याय. पण चढवणारा १९ वर्षांचा होता तेव्हा त्याच संघात १७ चा पण होता ना? तो तिथे होता, त्याने बघितलं कसं जिंकतात. खांबाने चपला सांभाळल्या तसं. तो पुढच्या वर्षी वर जातो. सगळेच बदलत नाहीत, दोन-तीन पोरं शिल्लक राहतात आणि सगळा संघ त्या दोन-तीन पोरांवर उभा असतो. आम्ही पण कोणाची तरी स्टिक उचलूनच शिकलो. डेन्मार्कचा संघ जाहीर झाला की मी ते बघणार आहे, ब्लेडला असलेली किती पोरं यात आहेत.

बाड्यावरचा_बर्फवाला | १० डिसेंबर, सकाळी ९:४५

काका तुम्ही?? संघ जाहीर झाला की बघणार?? खरी हॉकी सोडून??

मुद्दा मान्य, निम्मा. ती दोन-तीन पोरं कळ सोसतात हे खरं, पण ब्लेडला ज्याने शेवटच्या वर्षी जीव काढला आणि आता घरी टीव्हीवर बघेल, त्याच्यासाठी मला अजून वाईट वाटतंच. ते काही जाणार नाही.

संपादक | १० डिसेंबर, सकाळी ११:००

धागा छान चाललाय. फक्त कालच्या काही प्रतिसादांत त्या जुन्या मंडळाच्या कारभारावरून नावं घेऊन लिहिलं गेलं, ते काढलेत. सराफा विरुद्ध बाडा या वादासाठी वेगळा धागा आहे, जावईबापू, तिकडे जा.

इंदूरचा_जावई | १० डिसेंबर, सकाळी ११:०४

जातो. डेन्मार्क जिंकलं तर मात्र गजक माझ्याकडून, मोरेन्याची, खरी.

जनकगंजची_मावशी | १० डिसेंबर, दुपारी ४:१५

डेन्मार्क कोणाच्या गटात आहे? आणि आपल्याकडे किती वाजता दिसेल, कोणीतरी नीट सांगा, मला ते तिकडचे तास मोजता येत नाहीत.

पुण्यात_अडकलेला | १० डिसेंबर, दुपारी ४:४०

मावशी, कॅनडा, फिनलंड, चेकिया, लात्व्हिया आणि डेन्मार्क. म्हणजे हा गट बघून पाचवं कोण येणार ते सांगायला नको, लात्व्हिया-डेन्मार्क जी मॅच होईल तीच खरी. वेळेचं सोपं आहे, तिकडच्या वेळेत साडेअकरा तास मिळवा. तिकडे दुपारचे अडीच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दोन, तिकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपले सकाळचे सात.

जनकगंजची_मावशी | १० डिसेंबर, दुपारी ४:५२

सकाळी सातची असेल तर मी उठलेलीच असते. रात्री दोनची असेल तर खांबा तू फोन कर मला, दोन रिंग दे आणि ठेव, बाकीचे झोपलेले असतात.

खोखोचा_खांब | १० डिसेंबर, दुपारी ५:०३

करतो मावशी. त्या दादाला पण करणार आहे, पुण्यातल्या.